थांबत थांबत चाललं की

"आजी, चालताना दम लागतो का?" सिस्टरने विचारलं. तिच्या हातात हृदयाच्या चाचणीचा फॉर्म होता, पेन 'हो' आणि 'नाही'च्या चौकटींवर थांबलेलं. आजी जुन्नरकडच्या, अंगावर नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांनी जरा विचार केला आणि शांतपणे सांगितलं, "थांबत थांबत चालते. मंग न्हाई लागत." सिस्टरने 'नाही'च्या चौकटीत खूण केली आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली. साखर आहे का, बीपी आहे का, दम्याचा पंप घेता का. आजी एकेक उत्तर देत राहिल्या. मी शेजारच्याच खुर्चीत माझा फॉर्म मांडीवर घेऊन बसले होते आणि माझं मन त्या आधीच्या चौकटीतच अडकून पडलं होतं.

काही आठवडे झाले, पण ते उत्तर डोक्यातून जात नाही. प्रश्नापेक्षा उत्तरच नेमकं होतं. दम लागतो म्हणून आजी थांबतात, थांबतात म्हणून दम लागत नाही, आणि म्हणून कागदावर त्यांना काही त्रास नाही. सिस्टरला मी दोष देत नाही. तिच्यासमोर सकाळपासून रांग होती, आणि अशा उत्तरासाठी फॉर्मवर जागाच नव्हती. पण किती माणसं अशी असतील! चढाची वाट सोडून लांबच्या सपाट वाटेने जाऊ लागलेली, पाण्याची कळशी मध्येच एकदा टेकवणारी, सोबतच्यांना "तुम्ही व्हा पुढे" म्हणणारी. त्यांना कुणी विचारलं, काही होतंय का, तर ती मनापासून नाही म्हणतात, आणि खरंच बोलत असतात. त्यांनी आपलं जगणंच इतकं आखूड करून घेतलेलं असतं की दुखणं त्या कुंपणाच्या बाहेर राहतं.

माझं दुखणं आधी दातांच्या डॉक्टरांकडे गेलं. स्टेशनचा पूल चढताना डाव्या जबड्याखाली ओढ लागायची, वर पोचून दोन मिनिटं उभी राहिले की जायची. जबडा म्हटल्यावर दाढ असणार, असं घरात सगळ्यांना वाटलं. दाढ अगदी ठणठणीत निघाली. त्या दंतवैद्य बाईंनीच विचारलं, की चावताना दुखतं का चढताना? चढताना म्हटल्यावर त्यांनी मला खुर्चीतून उठवलं आणि थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. तिथे ईसीजी चांगला, टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी चांगली, ट्रेडमिलवर चालवून घेतात ती साधी स्ट्रेस टेस्ट मात्र धड इकडची नाही, धड तिकडची नाही. डॉक्टर म्हणाले की नुसत्या ईसीजीवर चालणारी ती चाचणी बायकांच्या बाबतीत बऱ्याचदा फसवते, दोष नसताना दाखवते. तेव्हा आता फोटो काढूनच बघू. स्ट्रेस थॅलियम करून घ्या. म्हणजे शिरेत थोडं किरणोत्सारी द्रव्य देऊन, विश्रांतीत आणि श्रमात हृदयाच्या स्नायूला रक्त कुठे किती पोचतं त्याचे फोटो.

तयारीच्या कागदावर पहिलीच ओळ चहाची होती. चोवीस तास आधीपासून चहा, कॉफी, कोको, चॉकलेट, कोल्ड्रिंक, काही नाही. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं, म्हणून त्याही नाहीत. नाडी धीमी ठेवणारी जी गोळी नुकतीच सुरू केली होती, ती डॉक्टरांनी स्वतः सांगून तेवढ्यापुरती थांबवली. अशी गोळी आपल्या मनाने कुणी बंद करू नये, हे त्यांनी दोनदा बजावलं. चाचणीआधीचे चार तास पोट रिकामं. बाकी सगळं सोपं होतं. चहा सोपा नव्हता. माझ्या दिवसाला आकार येतो तोच मुळी सकाळच्या चहाने. गवती चहाची पात कात्रीने कापताना येणारा वास, किसणीवरचं आलं, भांड्याच्या कडेला चढून परत बसणारा फेस. त्या सकाळी मी गॅसपाशी उभी राहिले आणि हातांना काय करावं ते कळेना. नवऱ्याने मला न सांगताच स्वतःचाही चहा सोडला होता. दुपारपर्यंत दोघांचीही डोकी जड. शेजारच्या घरात कप-बश्यांचा आवाज झाला की आम्ही एकमेकांकडे बघायचो. संध्याकाळी त्याने लिंबू सरबत केलं आणि आम्ही बाल्कनीत बसून, रोज चहा पितो तेवढाच वेळ लावून, ते प्यायलो. भीती दोघांनाही वाटत होती. चहाबद्दल बोलत राहिलो, कारण त्याबद्दल बोलता येत होतं.

चहावर एवढा रोख का, ते नंतर कळलं. ज्यांना ट्रेडमिलवर चालता येत नाही त्यांना ॲडिनोसिनसारखं औषध शिरेतून देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. पेशींवर ते औषध जिथे जाऊन बसतं, नेमक्या त्याच जागा कॅफिन अडवून ठेवतं. म्हणजे पोटात चहा असेल तर औषध दिलं तरी हृदयावर हवा तो परिणाम होत नाही, आणि चाचणी खोटाच दिलासा देऊन मोकळी होते. आणि ट्रेडमिलवर आलेला माणूस मध्येच दमला तर त्यालाही औषधावर न्यावं लागतं. म्हणून चहाबंदी सरसकट सगळ्यांना.

मला समजून घ्यायचं होतं ते वेगळंच. ईसीजी चांगला, एको चांगला, आणि तरी पुलावर जबडा ओढतो, हे कसं? डॉक्टरांनी कागदावर एक नळी काढून समजावलं. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी अर्धी चोंदली तरी बसल्या माणसाला काही कळत नाही. पुढच्या बारीक वाहिन्या आपण होऊन सैल होतात आणि स्नायूला लागेल तेवढं रक्त ओढून घेतात. आमच्या सोसायटीत दुपारी सगळ्यांच्या नळांना पाणी सारखंच येतं. जुना पाइप आतून गंजलाय हे सकाळी सातला कळतं, सगळ्यांनी एकदम नळ सोडले की. स्नायूची मागणी वाढली, पण बारीक वाहिन्या आधीच जास्तीत जास्त सैल होऊन बसल्या असल्या, की मग त्या आणखी सैल होणार कुठून? स्वस्थ बसलेल्या हृदयाला कितीही विचारा, ते "बरं आहे" म्हणणार. त्याला खरं बोलतं करायचं तर आधी पळवावं लागतं.

हे ऐकताना मला आमच्या गिरगावातल्या चाळीचा जिना आठवला.

लाकडी जिना, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, कठडा हातांच्या तेलाने गुळगुळीत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आई भाजी घेऊन आली की दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायची. तिथे एका काकूंचं दार कायम उघडं असायचं. पिशवी भिंतीला टेकवून, एक हात कठड्यावर ठेवून आई त्यांच्याशी बोलायची. मेथीचा भाव, कुणाच्या मुलीचं जमलं, नळाला आज किती वेळ पाणी होतं. आम्ही वरून हाका मारायचो, "आई, ये ना, भूक लागलीये!" वडील म्हणायचे, "हिला तिथे गप्पा मारल्याशिवाय पाऊल उचलत नाही." घरातला ठरलेला विनोदच होता तो. आई हसायची आणि काही बोलायची नाही. ती गेली तेव्हा सगळं अचानक झालं असं आम्ही सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरांनीही तसंच सांगितलं. आधी काही त्रास होता का, याला आमचं उत्तर होतं, छे, काहीच नाही. आता मी त्या वळणावरच्या आईला पुन्हा पुन्हा बघते. पदराने कपाळ टिपणारी, बोलणं सुरू करण्याआधी क्षणभर नुसतीच उभी राहणारी. ती दम खायला थांबत होती की गप्पांना, हे कळायला आता मार्ग नाही. दोन्ही असेल. काकूंशी तिचं खरंच जमायचं. सगळ्या गप्पा हृदयाच्या खात्यावर टाकून मला तिची ती मैत्री पुसायची नाही. तरी त्या हाताखालचा कठडा मला दिसत राहतो.

जिन्याचा आणि हृदयाच्या परीक्षेचा संबंध जुना आहे, हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. अमेरिकेत आर्थर मास्टर नावाच्या डॉक्टरांनी 1929 मध्ये हृदयाची ताकद बघण्यासाठी माणसांना दोन पायऱ्यांच्या एका छोट्या लाकडी घडवंचीवर चढ-उतार करायला लावली. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं, वळायचं, पुन्हा चढायचं, आणि आधीची-नंतरची नाडी आणि रक्तदाब बघायचा. पुढे या चाचणीला ईसीजीची जोड मिळाली. पण त्यात माणूस चढताना हृदयात काय घडतंय ते दिसत नव्हतं, थांबल्यानंतरचंच दिसायचं. सिएटलच्या डॉक्टर रॉबर्ट ब्रूस यांनी माणसाला ट्रेडमिलवर चढवून, छातीला तारा लावून, चालता चालताच ईसीजी बघायला सुरुवात केली. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवायचा, ही त्यांनी 1963 मध्ये मांडलेली पद्धत आजही ब्रूस प्रोटोकॉल म्हणून जगभर चालते. आपल्याकडच्या लहान गावातल्या दवाखान्यातली टीएमटी, म्हणजे ट्रेडमिल टेस्टसुद्धा, बहुतेक ठिकाणी त्याच पायऱ्यांनी चढत जाते.

चाचणीच्या दिवशी आम्ही दोघं सकाळीच पोचलो. न्यूक्लिअर मेडिसिनचा, म्हणजे किरणोत्सारी द्रव्यांनी तपासणी करणारा विभाग तळघरात होता. जाड दरवाजा, त्यावर पिवळ्या पाटीवरची किरणोत्साराची ती तीन पात्यांची खूण. लहानपणी शाळेच्या सहलीला घारापुरीला जाताना लाँचमधून बाईंनी ट्रॉम्ब्याच्या किनाऱ्यावरचा पांढरा घुमट दाखवला होता. "ती अणुभट्टी," त्या म्हणाल्या होत्या, आणि आम्ही सगळ्या मुली लाँचच्या दुसऱ्या बाजूला सरकलो होतो. अणू म्हणजे बॉम्ब, एवढंच माहीत होतं. भाभांच्या त्याच संस्थेने 1963 मध्ये परळला, टाटा हॉस्पिटलच्या आवारात, रेडिएशन मेडिसिन सेंटर काढलं आणि अणुभट्टीतल्या पदार्थांनी रोग शोधण्याचं काम आपल्या देशात तिथे रुजलं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आजही वाशीच्या 'ब्रिट' या सरकारी संस्थेतून अशी द्रव्यं देशभरातल्या रुग्णालयांत जातात. माझ्या शिरेत गेलेलं नेमकं कुठून आलं ते मी विचारलं नाही. पण त्या घुमटापासून आपला दंड असा फार लांब नव्हता, हे त्या पाटीखाली उभी असताना जाणवलं.

टेस्टचं नाव थॅलियम असलं तरी हल्ली बहुतेक ठिकाणी थॅलियम वापरत नाहीत. ते निम्मं व्हायला सुमारे तीन दिवस घेतं. आता टेक्नेशियम वापरतात, ते सहा तासांत निम्मं होतं. मेंडेलीव्हच्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्याची, 43 क्रमांकाची जागा कित्येक वर्षं रिकामीच होती. 1937 मध्ये सिसिलीतल्या पालेर्मोत सेग्रे आणि पेरिए यांना ते मूलद्रव्य सापडलं, तेही अमेरिकेतल्या सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे अणूतल्या कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून आलेल्या मॉलिब्डेनमच्या एका पत्र्यात. माणसाच्या हातून घडलेलं ते पहिलं मूलद्रव्य. सहा तासांत निम्मं होणारी गोष्ट साठवून ठेवता येत नाही, म्हणून रुग्णालयात येतो तो शिशाच्या जाड आवरणातला एक जनरेटर. त्यात मॉलिब्डेनम असतं, आणि त्यातून सतत नवं टेक्नेशियम तयार होत असतं. रोज सकाळी त्यातून सलाइन सोडून दिवसभराचा साठा काढून घ्यायचा. असं मॉलिब्डेनम बनवणारी कॅनडातली एक जुनी अणुभट्टी 2009 मध्ये दुरुस्तीसाठी बंद पडली तेव्हा जगभर या द्रव्याची टंचाई झाली आणि कितीतरी चाचण्या पुढे ढकलाव्या लागल्या. एवढ्या नाजूक साखळीच्या टोकाला, तळघरातल्या खुर्चीवर, आपण बाही वर करून बसलेलो असतो.

पहिलं इंजेक्शन विश्रांतीचं. सिरिंज शिशाच्या नळीत बसवलेली, त्यामुळे देणाऱ्या मुलाच्या हाताला तिचं वजन जाणवत होतं. मला मात्र आत काहीच जाणवलं नाही. गारवा नाही, चव नाही. त्यानंतर वेगळ्या खोलीत बसायचं. ज्यांना सुई दिली आहे त्यांनीच तिथे बसायचं, नातेवाइकांनी बाहेर. तिथे आमच्यासाठी स्वच्छतागृहही निराळं. गरोदर बाई किंवा लहान मूल जवळ येऊ द्यायचं नाही, भरपूर पाणी प्यायचं. नवरा काचेपलीकडे बसला होता. मध्ये काच आणि माझ्या अंगातून निघणारे न दिसणारे किरण. त्याने खुणेने विचारलं, ठीक? मी मान हलवली.

खोलीत आम्ही पाच-सहा जण होतो. मुलुंडचे एक धान्याचे व्यापारी, एक तरुण रिक्षावाला, त्याच्याकडे बघून सगळ्यांनाच वाईट वाटत होतं, आणि जुन्नरच्या आजी. सगळ्यांच्या पिशव्यांत खाणं. विभागाने सांगूनच ठेवलं होतं, सुईनंतर दूध, लोणी-पाव, असं काही स्निग्ध खायचं. ते द्रव्य स्नायूत जातं तसंच यकृतातही जातं आणि पित्तावाटे बाहेर पडतं. यकृत हृदयाच्या अगदी खाली. त्याची चमक फोटोत हृदयाच्या खालच्या भिंतीवर पसरू नये म्हणून पित्ताशय रिकामं व्हायला हवं, आणि ते स्निग्ध खाण्याने होतं. व्यापारीकाकांना तर महिनोन्‌महिने लोणी बंद होतं. त्यांनी पाव उघडून त्यातला पिवळा थर बघितला, मग डोळे मिटून खाल्ला. आजींनी डब्यातला साजूक तुपातला शिऱ्याचा घास रिक्षावाल्या मुलाच्या हातावर ठेवला. "खा लेकरा. डाक्टरनं सांगितलंय." एरवी एकमेकांचं काही न लागणारी माणसं अंगात तीच न दिसणारी गोष्ट घेऊन बसली होती, आणि त्यामुळे की काय, फार पटकन बोलती झाली. कुणाला काय झालंय हे कुणी विचारलं नाही. कुणाचं कोण बाहेर बसलंय, तेवढंच विचारलं.

ट्रेडमिलआधी मंगळसूत्र काढायचं होतं. कपडे सैल, बूट घालून. माझे बूट मुलीने आणलेले, नवे. आमच्या वयाच्या कितीतरी बायकांनी शाळा सुटल्यानंतर बूट घातलेलेच नसतात. त्या खोलीत दोघी चपलांवर आल्या होत्या आणि त्यांच्यासाठी धावपळ चालली होती. मंगळसूत्र मी रुमालात बांधून नवऱ्याकडे दिलं. आजींना ते पटेना. "त्यांच्या हाती द्यायचं न्हाई काढून," त्या आपल्या नवऱ्याकडे हात करून म्हणाल्या. मग तिथल्या एका मुलीने, तिचं कौतुक वाटलं मला, वाद घातला नाही. ती म्हणाली, "आजी, माझ्या हातात द्या. मी समोरच उभी राहते, तुम्हाला दिसत राहील." आणि चाचणी होईपर्यंत ती खरंच मूठ समोर धरून उभी राहिली.

छातीला चिकटपट्ट्या, तारा, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, हाताच्या शिरेत सुई तशीच ठेवलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, कठडा घट्ट पकडायचा नाही, नुसती बोटं टेकवायची. वय अठ्ठावन्न, म्हणजे आपल्याला नाडी एकशे अडतीसपर्यंत न्यायचीय." 220 मधून वय वजा करायचं आणि त्याचे 85 टक्के, असा तो हिशोब. पट्टा सुरू झाला. पहिली तीन मिनिटं देवळात चालावं तशी, फक्त चढ जाणवत होता. मग पट्ट्याने हुंकार दिला, पुढचं टोक आणखी वर उचललं गेलं. पोटऱ्या भरून आल्या. तिसऱ्या टप्प्याला मी चालतेय की पळतेय ते कळेना. पायांखालून जमीन मागे ओढली जात होती आणि ती थांबवणं माझ्या हातात नव्हतं. पुलावर मी थांबू शकले असते. रेलिंगला टेकून, मोबाइल बघत असल्यासारखं करून. इथे थांबायचं नव्हतं. आणि मग ती आली, जबड्याखालची ओळखीची ओढ. "येतंय," मी म्हटलं. "जबड्यात?" "हो." मला वाटलं आता थांबवतील. बाईंनी स्क्रीनकडे बघितलं, सुईकडच्या मुलाला मान हलवली आणि म्हणाल्या, "सुई दिली. आता फक्त एक मिनिट. याच वेगाने. माझ्याकडे बघा."

त्या एका मिनिटासाठी सगळं होतं.

कारण ते द्रव्य रक्ताबरोबर स्नायूत शिरतं ते त्या क्षणाच्या प्रवाहाच्या प्रमाणात, आणि तिथेच राहतं. जिथे रक्त मुबलक पोचलं तिथे जास्त, जिथे कमी पडलं तिथे कमी. नंतर तुम्ही पट्ट्यावरून उतरा, पाणी प्या, श्वास जाग्यावर येऊ द्या, तासाभराने फोटो काढा. फोटो निघतो तो त्या ओढीच्या मिनिटाचा. पट्टा मंद होत गेला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दमल्याचं असेल. पण त्यात सुटकाही होती. इतके दिवस ही ओढ माझ्या एकटीच्या मालकीची होती, माझ्या सांगण्यावर अवलंबून होती. दाढ असेल, पित्त असेल, वय असेल, विचार फार करतेस, असं सगळं तिला म्हणून झालं होतं. आता तिची नोंद झाली होती, माझ्या शब्दांशिवाय.

आजींचे गुडघे चालण्यासारखे नव्हते, म्हणून त्यांना ॲडिनोसिन. पडद्यापलीकडून मला ऐकू येत होतं. "छाती दाटली गं बाई," आजी म्हणाल्या. "तोंडावर गरम गरम..." "दाटणार आजी, औषध आहे ते. बंद केलं की मिनिटभरात जाईल." त्या औषधाचं रक्तातलं आयुष्य काही सेकंदांचंच असतं. तरी ती मिनिटं लांब असतात. एका जागी निजलेल्या माणसाला चढ चढायला लावायचा, तोही न थांबता. आजी बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हां. हे असंच होतं मला शेताच्या चढाला." पलीकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "कधीपासून होतं आजी?" आणि त्या सांगू लागल्या. गवताचा भारा डोक्यावर घेणं कधी सोडलं, विहिरीकडची वाट कधी सोडली, देवीच्या टेकडीवर कधीपासून गेल्या नाहीत. बाई मध्ये मध्ये थांबवून साल विचारत होत्या. फॉर्मवरची ती खूण बदलली असेल का, मला माहीत नाही. बोलणं मात्र झालं होतं.

मग कॅमेरा. हात डोक्यावर वर धरून झोपायचं, हलायचं नाही, खोकायचं नाही. दोन मोठी चौकोनी डोकी छातीच्या अगदी जवळ येतात आणि थोडं थोडं सरकत फिरतात. एरवी एक्स-रे मशीन आपल्यावर किरण टाकतं. हा कॅमेरा काहीच टाकत नाही, आपल्यातून निघणारं फक्त टिपतो. खांदे भरून आले, डाव्या हाताला मुंग्या. गारठलेल्या खोलीत छताच्या फरशा मोजत पडले. आईचा असा फोटो कुणी कधी काढला नाही. काढला असता तर काय दिसलं असतं, हा विचार मी त्या टेबलावर केला आणि मुद्दामच सोडला नाही, शेवटापर्यंत नेला. काहीच दिसलं नसतं, असंही होऊ शकतं.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. हृदयाचे आडवे-उभे काप, ओळीने मांडलेले. वरची ओळ श्रमाची, खालची विश्रांतीची. खालच्या ओळीत पिवळ्या-केशरी रंगाची पूर्ण कडी. वरच्या ओळीत तीच कडी तळाशी एका बाजूला जांभळी पडलेली, जरा विटलेली. त्यांनी बोट ठेवलं. "हा भाग जिवंत आहे, चांगला आहे. फक्त चढावर उपाशी राहतो." दोन्ही ओळींत रंग नसता तर तिथला स्नायू बहुधा मेलेला असता. भाग छोटा होता, पंप करायची ताकद उत्तम. अँजिओग्राफी लगेच नको, गोळ्या, कोलेस्टेरॉल खाली आणणं आणि रोजचं चालणं यावर जाऊ, जबड्याची ओढ वाढली किंवा बसल्या बसल्या आली तर मात्र वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा, असं ठरलं. मी अडून विचारलं, की नळी साफ करून टाकलेली बरी नाही का? ते म्हणाले की स्थिर दुखण्यात घाईने स्टेंट किंवा बायपास केल्याने आयुष्य वाढतंच असं नाही, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' नावाच्या मोठ्या अभ्यासात पाच हजारांवर रुग्णांत हेच बघितलं गेलं. मला दिलासाही वाटला आणि वाटलाही नाही. जांभळा डाग बघितल्यावर तो कुणीतरी लगेच पुसावा असंच मन म्हणतं. घरी येताना पूल चढले. सावकाश, आणि कुठे ओढ सुरू होते तिकडे नीट लक्ष देत.

त्या रात्री सांगलीला मोठ्या बहिणीला फोन केला. आईचीच मुलगी तीही. "तुला काही होतं का?" असं मी या वेळी विचारलं नाही. म्हटलं, "ताई, गेल्या दोन वर्षांत तू काय काय करायचं सोडलंस ते सांग." ती म्हणाली, हा कसला प्रश्न. मग जरा थांबून सांगायला लागली. गच्चीवर वाळवणं घालणं सोडलं, जिना नको वाटतो. मंडईतून पिशवी आता घरपोच मागवते. हरिपूरच्या संगमेश्वराला दर सोमवारी चालत जायची, ते रिक्षाने जाते. हल्ली तेही कधीतरीच. गाद्या उचलायच्या झाल्या तर भाच्याला बोलावते. "पण त्रास काही नाही गं मला," ती म्हणाली, "हे आपलं वयानुसार." मी तिला हे सगळं, जसं मला सांगितलं तसंच, कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. ती हो-नाही करत राहिली, भाच्याने मात्र पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आहे. आज सकाळी तिचा पुन्हा फोन आला, यादीत भर घालायला. पहाटे उठून अंगणात सडा टाकायची, तोही बंदच झालाय, हे तिला रात्री झोपताना आठवलं.